सूत्र, त्रैराशिक की एककं काटत जायचं? डोसचं गणित शिकवताना काय निवडावं

नर्सिंगच्या पोरांना औषधाच्या डोसचं गणित शिकवायची वेळ आली की तीन गट पडतात. एक म्हणतो सूत्र पाठ करून घ्या, विषय संपला. दुसरा म्हणतो शाळेतलं त्रैराशिकच बरं. आणि तिसरा गट डायमेन्शनल ॲनालिसिसवाला, म्हणजे एककं मांडायची आणि काटत जायचं. मी तिन्ही शिकवून बघितलंय, त्यामुळे निवडायच्या आधी काय बघावं ते जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात सोपं उदाहरण घेऊ. जेंटामायसिन ६० मिग्रॅ द्यायचंय, अँपूलमध्ये (औषधाची छोटी काचेची कुपी) २ मिलीत ८० मिग्रॅ आहे. सूत्रवाला म्हणेल हवं भागिले आहे, गुणिले जितक्या मिलीत आहे ते, म्हणजे ६० भागिले ८० गुणिले २, उत्तर १.५ मिली. दहा सेकंदांत झालं. त्रैराशिकवाला ८० ला २ तर ६० ला किती असं मांडून तिरका गुणाकार करेल, किंवा एकमान पद्धतीने जाईल, ८० ला २ मिली, मग ४० ला १, २० ला अर्धा, म्हणून ६० ला दीड. एककंवाला २ मिली भागिले ८० मिग्रॅ गुणिले ६० मिग्रॅ असं लिहून वरचं मिग्रॅ खालच्या मिग्रॅने काटणार आणि मिली उरलं की खूश. उत्तर तिघांचं तेच, म्हणून असल्या उदाहरणावर पद्धत निवडायची नाही, इथे सगळेच पास होतात.

फरक दिसतो तो चूक कशी होते तिथे. सूत्रात दोन चुका मी शेकड्याने तपासल्या असतील. एक म्हणजे शेवटचा गुणिले २ विसरायचा, उत्तर ०.७५, आणि दुसरी म्हणजे वरचं खाली खालचं वर, मग २.६७ मिली. दोन्ही आकडे दिसायला एकदम सभ्य, संशय येत नाही कारण सूत्राला स्वतःचं असं काही डोकं नाही, तुम्ही घालाल ते ते भागतं. आणि एकक वेगळं असलं की मग बघायलाच नको. डिगॉक्सिन १२५ मायक्रोग्रॅम द्यायचंय, गोळी ०.२५ मिग्रॅची, एका पोराने सरळ १२५ भागिले ०.२५ केलं आणि उत्तर लिहिलं ५०० गोळ्या. खाली दोन रेघा मारून! खरं उत्तर अर्धी गोळी. त्याला विचारलं अरे पाचशे गोळ्या पेशंट गिळणार कशा, तर म्हणाला सर सूत्राप्रमाणे तेच येतं. बरोबरच होतं त्याचं, तेच येतं.

एकमान पद्धतीत असली चूक कमी होते असा माझा अनुभव, कारण प्रत्येक पायरी बोलून दाखवता येते, "पाव मिग्रॅ म्हणजे २५० मायक्रोग्रॅम, मला त्याच्या निम्मं हवंय, म्हणजे अर्धी गोळी". लहान मुलांच्या डोसलाही चालते, १२ किलोचं मूल, पॅरासिटामॉल किलोला १५ मिग्रॅ म्हणजे १८० मिग्रॅ, सिरप ५ मिलीत १२० मिग्रॅवालं असेल तर १२० ला ५, ६० ला अडीच, एकूण साडेसात मिली. आणि तेच सिरप ५ मिलीत २५० मिग्रॅवालं निघालं तर ३.६ मिली, जवळजवळ निम्मं, म्हणून बाटली वाचल्याशिवाय मिली बोलायचंच नाही हेही त्यातच शिकवून होतं. गणिताला घाबरणारी पोरं यात मोकळी होतात.

पण त्रैराशिकाची हवा जाते ती इन्फ्युजन, म्हणजे शिरेतून सतत हळूहळू द्यायचं औषध, आलं की. समजा २५० मिलीत ४०० मिग्रॅ डोपामिन आहे, पेशंट ६० किलोचा, मिनिटाला किलोमागे ५ मायक्रोग्रॅम द्यायचंय, पंपावर तासाला किती मिली लावायचं? त्रैराशिकाने आधी मिनिटाचे ३०० मायक्रोग्रॅम काढा, मग तासाचे १८,०००, मग त्याचे १८ मिग्रॅ, मग ४०० ला २५० तर १८ ला किती. चार वेगळी गणितं, मध्ये एक आकडा चुकीचा उतरवला की पुढचं सगळं गेलं. एककंवाला हे एका ओळीत मांडतो, २५० मिली भागिले ४०० मिग्रॅ, गुणिले १ मिग्रॅ भागिले १००० मायक्रोग्रॅम, गुणिले किलोला मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम, गुणिले ६० किलो, गुणिले तासाला ६० मिनिटं. सगळं काटलं की मिली प्रति तास उरतं आणि उत्तर ११.२५. समजा मिनिटांचा ६० विसरला तर ०.१८७५ येतं, पण एकक मिली प्रति मिनिट उरलेलं समोर दिसतं, म्हणजे वहीच सांगते की बाबा अजून काहीतरी राहिलंय. बाकी दोन पद्धतींत ही सोय नाही, एककं लिहिलीच नाहीत तर कळणार कुठून.

थेंबांचंही तसंच. १००० मिली सलाईन ८ तासांत, सेट (सलाईनची नळी) मिलीला १५ थेंबांचा, तर १५,००० भागिले ४८० मिनिटं, मिनिटाला ३१ थेंब. २० चा सेट असेल तर ४२. सूत्रवाल्यांना यासाठी आणखी एक सूत्र पाठ करावं लागतं, एककंवाल्यांना नवीन काही नाही. (मायक्रो सेट ६० थेंबांचा असतो, तिथे तासाचे मिली आणि मिनिटाचे थेंब हा आकडा एकच येतो, १२५ मिलीला १२५ थेंब. हे का होतं ते पोरांनाच शोधू द्या, मजा येते.)

आता एककंवाल्यांनी फार हुरळून जाऊ नये. १ मिग्रॅ भागिले १००० मायक्रोग्रॅमच्या जागी कुणी १००० मिग्रॅ भागिले १ मायक्रोग्रॅम लिहिलं तर एककं तितकीच छान काटली जातात आणि उत्तर दहा लाख पटीने चुकतं. म्हणजे रूपांतर पक्कं हवंच. वजन पाउंडात लिहिलेलं किलो म्हणून घेतलं, तरी पद्धत तोंड उघडणार नाही. शिवाय अपूर्णांक कच्चे असलेल्यांना ती लांबलचक ओळ बघूनच घाम फुटतो, पहिले दोन-तीन आठवडे फार हळू जातात, कोर्सचे तास मोजके असतील तर हे परवडतं का ते बघा.

टक्के आणि गुणोत्तरात लिहिलेली औषधं तिन्ही पद्धतींच्या बाहेर शिकवावी लागतात. २ टक्के लिग्नोकेन म्हणजे १०० मिलीत २ ग्रॅम, मिलीला २० मिग्रॅ. ॲड्रेनलिन १:१००० म्हणजे मिलीला १ मिग्रॅ आणि १:१०,००० म्हणजे ०.१ मिग्रॅ, दोघांत दहापट फरक आणि लिहिताना फक्त एक शून्य जास्त. शून्यावरून आठवलं, ०.५ ला पुढचं शून्य लिहायचंच आणि ५ ला ५.० करायचं नाही, तो पॉइंट पुसट झाला की ५० वाचतात. पावडरच्या व्हायलमध्ये पावडरही जागा घेते, सेफ्ट्रियाक्सोनच्या १ ग्रॅमच्या व्हायलमध्ये ९.६ मिली घातलं की मिलीला १०० मिग्रॅ होतं, हे लेबल वाचूनच कळतं, कुठल्याच सूत्रातून नाही.

आणि नुसत्या वहीवर शिकवायचं की सिरिंज हातात देऊन, यात तर मला वादच वाटत नाही. ०.७५ मिली बरोबर काढणाऱ्या पोरीला ५ मिलीची सिरिंज द्या, तिच्यावर बहुतेक वेळा ०.२ च्या खुणा असतात, ती ०.७५ ओढणार कुठे? इन्सुलिनमध्ये तर हे जिवावर बेततं, २० युनिट द्यायचेत आणि मिलीला १०० युनिटवालं इन्सुलिन मिलीला ४० युनिटच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं की अर्धा मिली म्हणजे ५० युनिट जातात. गणित शंभर टक्के बरोबर, डोस अडीचपट.

तर मी निवडताना असं बघतो. कोर्स छोटा आणि काम गोळ्या, सिरप, साधी इंजेक्शनं इतकंच असेल तर एकमान पद्धत, एककंवाली लादू नका. तीन-चार वर्षांचा कोर्स आणि पुढे आयसीयू असेल तर पहिल्या महिन्यात एकमान आणि मग कायमची एककं, सुरुवातीचा त्रास सोसून. सूत्र मी पहिलं म्हणून कधीच देत नाही, पण जी बॅच आधीच सूत्रावर वाढलीय तिला शेवटच्या वर्षात उपटून नवीन पद्धतीवर लावायचा हट्टही करत नाही, त्यांना फक्त सूत्रात आकड्यासोबत एकक लिहायला लावतो, अर्ध्या चुका तिथेच दिसतात. तिन्ही पद्धती एकाच आठवड्यात दाखवणं हे मात्र सगळ्यात वाईट, पोरं खिचडी करतात, आणि एक ट्यूटर एक पद्धत आणि वॉर्डातल्या सिस्टर दुसरी शिकवत असतील तरी तेच, त्यामुळे आधी आपसात बसून ठरवा.

कॅल्क्युलेटर द्यायचा का? द्या की, वॉर्डात असतोच. फक्त पद्धत कुठलीही घ्या, पेपरात उत्तराच्या वर एक रिकामी ओळ छापा, "अंदाजे किती?", आणि ती भरल्याशिवाय कॅल्क्युलेटरला हात लावू देऊ नका. तो पाचशे गोळ्यांवाला पुढच्या परीक्षेत त्या ओळीत "एकापेक्षा कमी" असं लिहून मग गणिताला बसला.