‘शेताचे सभासद व्हा’: वर्षाची भाजी आगाऊ विकणाऱ्यांचा हिशेब

शेतकऱ्याला हंगामाआधी पैसे द्यायचे आणि पिकेल ते दर आठवड्याला घरी घ्यायचं, ही पद्धत मुळात चांगली आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकात ती ‘तेइकेई’ म्हणून रुजली, अमेरिकेत १९८६ पासून. बियाणं, ठिबक, मजुरी यांचा खर्च आधी होतो, म्हणून पैसे आधी. गारपीट झाली तर टोपली हलकी येणार, हे सभासदाने मान्य करायचं. जोखीम वाटून घ्यायची, हा या पद्धतीचा गाभा, आणि फसवणारा नेमका याच कलमामागे लपतो. भाजी आली नाही तरी करार मोडला असं म्हणता येत नाही. पाऊस आहे, रोग आहे, ‘निसर्गाच्या हातात आहे’.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये बारीकसारीक फरक सोडले तर प्रकार असा घडतो. शहरापासून तास-दीड तासावर दोन एकरांचं शेत दाखवतात. रविवारी सहल, हुरडा, मुलांना बैलगाडी. आठवड्याला ५ किलो विषमुक्त भाजी, ४८ आठवडे, ५०० रुपये टोपली, म्हणजे २४,००० एकरकमी. सोसायटीतल्या एखाद्या उत्साही माणसाला टोपली फुकट असते, त्यामुळे प्रचार तोच करतो. ओळखीचा माणूस आणला की हजार रुपये सूट. भाजीच्या धंद्यात माणूस आणल्याचं बक्षीस दिसलं की तिथेच थांबावं, असं आमचं मत.

सभासद ४०० झाले की जमा ९६ लाख. देणं किती? ४०० घरं, ५ किलो, ४८ आठवडे: ९६ टन. दोन एकरांवर ९६ टन म्हणजे एकरी ४८. मल्चिंग, ठिबक, खतं, फवारे सगळं देऊन टोमॅटोचा प्लॉट एकरी २५-३० टन गेला तरी गावात बोलबाला होतो. मेथी, पालक, दुधी, वांगी मिसळून आणि रसायनाशिवाय ४८ टन कुणाच्या बापाला निघणार नाहीत. मिश्र भाजीपाल्यावर एकरी ३०-३५ कुटुंबं नीट सांभाळली तरी तो शेतकरी कसलेला समजावा. म्हणून पहिला प्रश्न ‘सेंद्रिय आहे का’ हा नाही. क्षेत्र किती आणि सभासद किती, हे आधी विचारा. आकडा सांगायला जो टाळाटाळ करतो त्याने तो मांडलेला असतो, फक्त तुमच्यासमोर नाही.

पहिले सहा-आठ आठवडे टोपली भरगच्च येते. ती मार्केट यार्डातून येते. ठोक भावाने सरासरी ४० रुपये किलो धरले तरी ४०० टोपल्यांचे आठ आठवडे ६ लाख ४० हजारांत भागतात. ९६ लाखांपुढे ही किरकोळ रक्कम. ओळखायचं कसं? मे महिन्यात मशीनमध्ये धुतलेलं, चकचकीत केशरी, सगळं एका मापाचं गाजर आलं तर ते पुण्याजवळच्या उघड्या रानातलं नाही. क्रेटवर आडत्याचा शिक्का किंवा रंगाने लिहिलेली अक्षरं असतात. शेतातली भेंडी एक बोटाएवढी, एक वीतभर अशी येते, कारण तोडा एक दिवस चुकला की ती वाढते. प्रतवारी केलेला माल आठवड्यामागून आठवडे एकसारखा येत असेल तर प्रतवारी दुसऱ्या कुणी केली आहे.

नवव्या-दहाव्या आठवड्यापासून टोपलीत कांदा-बटाटा वाढतो, कारण तो टिकतो, स्वस्त पडतो आणि वजन भरतो. मग ‘पावसाने पालेभाजी गेली’. मग गाडी बंद पडते. पैसे मागितले की ‘बुडालेले आठवडे पुढे वाढवून देतो’, त्यानंतर ‘शिल्लक रकमेत गीर गाईचं तूप घ्या’. शेवटी व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त अॅडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग होते. तो दिवस उजाडायच्या आत हलायला हवं.

शेत पाहायला जाल तेव्हा हुरड्यापेक्षा वाफे बघा. मेथी २५-३० दिवसांत निघते, कोथिंबीर ४०-४५. दर आठवड्याला पालेभाजी द्यायची तर दर आठवड्याला पेरणी हवी. म्हणजे एकाच वेळी दोन पानांवरची, बोटभर आणि काढणीला आलेली अशी मेथी वेगवेगळ्या वाफ्यांत दिसली पाहिजे. सलग दोन एकर एकाच वयाचा टोमॅटो उभा असेल तर तो बाजाराचा प्लॉट आहे, बहुधा शेजाऱ्याचा. खुरपणीला रोज किती बाया येतात ते बायांनाच विचारा. जीवामृताचा, म्हणजे शेण-गोमूत्राच्या पातळ खताचा, निळा ड्रम सगळेच दाखवतात. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, एवढ्यात एका एकराची एक पाळी होते आणि ते आठवड्याभरात वापरावं लागतं. ड्रमात काठी घालून बघा. वर भेगाळलेला पापुद्रा आणि खाली कोरडा गाळ असेल तर तो ड्रम पाहुण्यांसाठी आहे.

कागदांत गट नंबर, म्हणजे जमिनीचा क्रमांक, मागा. सातबारा ऑनलाइन निघतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत. मालक दुसराच असेल तर जमीन खंडाने घेतल्याचा करार आणि त्याची मुदत बघा. मुदत तीन महिन्यांत संपत असेल तर वर्षाचे पैसे कशाचे? सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीत, म्हणजे पिकांच्या नोंदीत, भाजीपाला नीट चढलेला नसतो, त्यावरून लगेच चोर ठरवू नका, पण तिथे सगळा ऊस दिसला तर विचारा. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासून दिलेलं सेंद्रिय प्रमाणपत्र. ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणजे रासायनिकातून सेंद्रियकडे रूपांतराच्या काळातलं शेत, ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ म्हणजे तो काळ पूर्ण झालेलं. प्रमाणपत्रावरचं शेतकऱ्याचं नाव आणि गाव सातबाऱ्याशी जुळवा, मुदतही बघा. दुसऱ्याच कुणाचा कागद लॅमिनेट करून टांगलेला असतो. ‘तुमच्या नावाचा एक गुंठा’ अशी पाटी लावतात, ती निव्वळ पाटी. त्यातून ना मालकी मिळते ना कूळहक्क.

पैसे महिन्याचे द्या, फार तर एका हंगामाचे: तीन महिने, सहा हजार. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर येणारं नाव करारातल्या नावाशी जुळलं नाही तर तिथेच थांबा. करारात जोखमीचं कलम असू द्या, पण पूर्ण लिहून घ्या: पीक गेलं तर त्या प्लॉटचा फोटो किती दिवसांत, सभासदाला शेत बघायची मुभा, बाहेरचा माल घातला तर तसं टोपलीवर लिहायचं, सलग किती आठवडे चुकले की उरलेली रक्कम परत. खरा शेतकरी यावर घासाघीस करेल, चिडणार नाही. गारपिटीचं कारण सांगितलं तर शेजारच्या बांधावर चौकशी करा. गारा एका गटापुरत्या पडत नाहीत.

फसलातच तर ग्रुप सोडू नका. आधी चॅट एक्सपोर्ट करा, पैसे दिल्याच्या पावत्या काढा, टोपली काट्यावर ठेवून तारखेसह फोटो घ्या. लेखी नोटीस पाठवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. ‘गुंतवा, भाजी फुकट आणि वर परतावा’ असं आमिष असेल तर ती ठेव योजना ठरू शकते. मग १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आणि २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा, आणि दार आर्थिक गुन्हे शाखेचं. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ असं बहुतेक वेळा ऐकावं लागतं. तेव्हा सातबाऱ्यावरचं क्षेत्र, सभासदांची यादी आणि वरचा ९६ टनांचा गुणाकार एका कागदावर मांडून न्या. एवढं पिकणारच नव्हतं हे पैसे घेतानाच ठाऊक होतं, हे त्यावरून दिसतं.