सांताचा चेहरा कोरण्याचा संच : लाकूड उत्तम, पटाशी सदोष

लाकडाच्या ठोकळ्यातून सांताक्लॉजचा चेहरा कोरायला शिकवणारा एक प्राथमिक संच मी दोन महिने वापरला आणि त्यातले आठही ठोकळे कोरून संपल्यावरच हे परीक्षण लिहीत आहे. संचात दीड इंची पात्याचा चाकू, व्ही आकाराची एक पटाशी, लहान गोल पटाशी, धारेसाठी चामड्याची पट्टी व हिरवी पेस्ट, एक हातमोजा, नमुन्याचा कागद आणि एक इंच जाडीचे चौकोनी ठोकळे मिळतात.

यातली सर्वांत चांगली वस्तू म्हणजे लाकूड. हे ठोकळे बासवूडचे आहेत, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या लिंडेन वृक्षाचे. याच कुळातल्या युरोपीय झाडाच्या लाकडात सुमारे पाचशे वर्षांपूर्वी टिलमान रीमेनश्नायडर या जर्मन शिल्पकाराने चर्चमधल्या मूर्ती घडवल्या, आणि इतका बारकावा या लाकडात का साधतो हे पहिल्याच ठोकळ्यावर चाकू टेकवताच कळते. ते मऊ आहे, पण भुसभुशीत नाही. त्याचा पोत एकसारखा असल्याने भुवईसारखा नाजूक भाग आडवा कापतानाही टवका सहसा उडत नाही. एक ठोकळा मात्र फार कोरडा निघाला. पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल समप्रमाणात मिसळून त्यावर फवारल्यावर तोही वळणावर आला.

नमुन्याचा कागद लिहिणाऱ्याला हे काम नीट समजलेले आहे. चेहरा ठोकळ्याच्या सपाट बाजूवर न कोरता कडेवर कोरायचा, हे त्याने पहिल्याच आकृतीत दाखवले आहे. कडेवर नाक येते, दोन्ही बाजू आपोआप मागे उतरत असल्याने गालांना खोली मिळते आणि दाढी पुढे झेपावलेली दिसते; सपाट बाजूवर हाच चेहरा नाण्यावरच्या छापासारखा चपटा राहतो. आधी नाकाखाली सरळ आत जाणारा छेद घ्यायचा आणि मग खालून त्या छेदापर्यंत लाकूड तासत यायचे, म्हणजे चाकू घसरला तरी नाक उडत नाही, ही क्रमवारीही त्याने नेमकी दिली आहे. डोळ्यांबाबत मात्र कागद फारच त्रोटक आहे. डोळ्याच्या दोन्ही कोपऱ्यांतून त्रिकोणी कपची काढल्याशिवाय बुबुळाला गोलाई येत नाही, हे मला तीन चेहरे बिघडल्यावर उमगले, आणि नवशिक्या माणूस नेमका इथेच निराश होतो.

चाकूचे पोलाद चांगले आहे, परंतु धार अपुरी होती. कापलेल्या जागी पांढुरके ओरखडे उठत होते. पेस्ट लावलेल्या पट्टीवर, धारेची बाजू मागे ठेवून, पाते प्रत्येक बाजूने चाळीसेक वेळा ओढल्यावर लाकूड चकाकदार कापले जाऊ लागले. म्हणून पट्टी संचात देणे हा उत्पादकाचा मोठा शहाणपणा आहे असे मी मानतो. व्ही पटाशीबद्दल तसे म्हणता येत नाही. तिचे दोन्ही पाखे जिथे मिळतात तिथे धातूचा कंगोरा शिल्लक होता, त्यामुळे दाढीचे केस कोरताना लाकूड कापले न जाता फाटत होते. दाढी हाच सांताच्या चेहऱ्याचा जीव असल्याने हा दोष किरकोळ ठरत नाही.

हातमोजा ठोकळा धरणाऱ्या हातात घालायचा असतो. तो ओढीच्या कापापासून वाचवतो, टोक घुसण्यापासून नाही. चाकूच्या हाताच्या अंगठ्यासाठी चामड्याचे टोपण द्यायला हवे होते, ते दिलेले नाही.

रंग संचात नाहीत आणि त्याची उणीव भासत नाही. पाण्याने अगदी पातळ केलेला ॲक्रिलिक रंग द्यावा, तो वाळल्यावर ‘बॉइल्ड’ (उकळलेले) म्हणून तयार मिळणारे जवसाचे तेल फडक्याने लावून पुसून घ्यावे, म्हणजे छेदांच्या कडा उठून दिसतात. तेलाची फडकी बोळा करून न टाकता पसरून वाळवावीत, कारण ती आपोआप पेट घेऊ शकतात.

लाकूड, पट्टी आणि नमुन्याचा कागद यांसाठी हा संच घेण्याजोगा आहे. व्ही पटाशी मात्र पहिल्या दिवसापासून वेगळी, चांगल्या प्रतीची घ्यावी.