म्हापशाचा हातपंखा, पॅरिसचा उकाडा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात 450 रुपयांना घेतलेला चार्जिंगचा हातपंखा. सौ.ने हट्टाने घ्यायला लावला. मी म्हटलं, फोंड्यात मे महिना काढणाऱ्याला पॅरिसचं ऊन काय करणार? 25 जुलै 2019 ला तिथे 42.6 अंश झाले! आमची खोली सहाव्या मजल्यावर, जस्ताच्या छपराखाली. एसी नाही, छताला पंखाही नाही, आणि रात्री साडेनऊपर्यंत लख्ख उजेड.

पंखा नुसता लावला तर तोंडावर भट्टीची झळ. पण तिथली हवा कोरडी, आपल्यासारखी चिकचिकीत नव्हे. पंचा भिजवून मानेवर टाकला, मग पंखा धरला, तेव्हा कुठे गारवा लागला. (फोंड्यात हे चालायचं नाही, इथे घामच वाळत नाही, तर पंचा काय वाळणार.) पंचा भिजवायला रस्त्यावरची हिरवी वॉलेस कारंजी, पाणी पिण्याजोगं आणि फुकट.

बॅटरी दोन तासांत बसते. आवाज पिठाच्या गिरणीचा; मेट्रोत लोक वळून बघायचे. गळ्यातली दोरी तिसऱ्या दिवशी तुटली. पंख्याला पाचपैकी तीन तारे. पंच्याला पाच, पण तो घरचाच.