कढीपत्त्यावरचे फुलपाखरू आणि आयनॅचरलिस्ट

आयनॅचरलिस्ट हे सजीवांच्या नोंदी ठेवण्याचे ॲप मी तीन वर्षांपासून वापरते आहे. आपण काढलेला फोटो, तारीख आणि ठिकाण त्यावर टाकले की ॲप संभाव्य नावे सुचवते आणि मग ठिकठिकाणचे जाणकार तो फोटो पाहून आपले मत नोंदवतात. २००८ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एका पदव्युत्तर प्रकल्पातून हे काम सुरू झाले, २०२३ पासून ते स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून चालते, आणि वापरणाऱ्याला त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. फोटोवरून नाव सांगणारी ॲप्स आता पुष्कळ आहेत. मी याची शिफारस करते ती मतभेद झाल्यावर ते जे करते त्यासाठी.

गेल्या श्रावणात आमच्या परसातल्या कढीपत्त्याभोवती एक काळे फुलपाखरू घिरट्या घालत होते. मागच्या पंखांवर मधोमध पांढरा डाग आणि कडेला तांबड्या चंद्रकोरी पाहून मी स्वतःच्या भरवशावर 'कॉमन रोझ' अशी नोंद केली. दुसऱ्या दिवशी एका जाणकाराने 'कॉमन मॉरमॉनची मादी' असे मत दिले आणि फुलपाखराचे पोट पाहायला सांगितले. फोटो मोठा करून पाहिला, तर पोट काळेभोर होते. रोझचे लाल असते. शिवाय पुढच्याच फोटोत ते कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पोट वाकवून अंडे घालताना दिसत होते. रोझ अंडी घालते ती सापसंदाच्या वेलीवर, कारण त्या वेलीतले विष खाऊन तिचे सुरवंट वाढतात आणि त्यामुळेच पक्षी रोझला टाळतात. मॉरमॉनच्या मादीकडे विष नाही. तिने फक्त रूप घेतले आहे.

आमची दोन मते पडली तेव्हा ॲपने कोणा एकाची बाजू घेतली नाही. ती नोंद दोन्ही जातींना सामावून घेणाऱ्या सर्वांत जवळच्या गटावर, म्हणजे स्वॅलोटेल फुलपाखरांच्या एका उपकुलावर, जाऊन थांबली. म्हणजे खात्रीने काय म्हणता येईल तेवढेच तिथे राहिले. मी माझे मत बदलल्यावर ती पुन्हा जातीपर्यंत खाली उतरली. वर्गीकरण म्हणजे वंशावळ असते आणि दिसण्यातले साम्य म्हणजे नाते नव्हे, हे शाळेत मी पाठ केले होते. फांदीवर मागे सरकलेली ती नोंद पाहताना ते मला खरोखर समजले. मॉरमॉनची मादी रोझसारखी दिसते, पण तिचे जवळचे नाते आहे ते महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेल्या, दिसायला अगदी निराळ्या ब्लू मॉरमॉनशी. दोघेही पॅपिलिओ या एकाच प्रजातीतले, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातले (genus), आहेत.

याच मादीची आणखी दोन रूपे आपल्याकडे आढळतात, एक नरासारखे आणि दुसरे क्रिमझन रोझ या आणखी एका फुलपाखरासारखे. इतके गुंतागुंतीचे नक्षीकाम एकमेकांना चिकटलेल्या अनेक जनुकांच्या गटामुळे ठरत असावे, असे पूर्वी मानले जाई. २०१४ मध्ये फुलपाखरांचे अभ्यासक असलेले जीवशास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की कीटकांमध्ये नर-मादीचा भेद घडवणारे 'डबलसेक्स' हे एकच जनुक येथे मादीच्या रूपांची सूत्रे हलवते. ॲपवर या जातीचे पान उघडून एकामागून एक फोटो पाहत गेले की ही तिन्ही रूपे नजरेत बसतात, आणि जनुकशास्त्राचा हा धडा परसातल्या झाडापर्यंत येतो.

वापरताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ॲपच्या सूचना दिसण्यातल्या साम्यावर आणि ठिकाणावर आधारलेल्या असतात, म्हणून सोंग घेणाऱ्या जीवांच्या बाबतीत त्या अंतिम मानू नयेत. अनेक भुंगेरे आणि कोळी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय ओळखता येत नाहीत. तशा नोंदी कुलापाशीच राहिल्या तर नाराज होऊ नये. कुंडीतल्या किंवा लावलेल्या झाडाची नोंद 'लागवडीचे' अशी खूण करूनच टाकावी. घराजवळच्या नोंदींना ठिकाण धूसर करण्याची सोय आहे, ती मी नेहमी वापरते. आणि फुलपाखराचा फोटो घेताना नुसत्या पंखांवर समाधान न मानता एक फोटो बाजूने, पोट स्पष्ट दिसेल असा, अवश्य घ्यावा.