पाण्याने गिरवायचं कापड आणि ‘योंग’: संच घ्यावा का?

चिनी सुलेखन शिकणाऱ्या नवशिक्यांसाठी असे संच ऑनलाइन सर्रास मिळतात: पाण्याने लिहायचं कापड, नायलॉनचा कुंचला, प्लॅस्टिकची बशी आणि माहितीपत्रक. शाई नाही, त्यामुळे हात-कपडे काळे होत नाहीत. कापडाच्या कडेला एकच अक्षर मोठ्या आकारात छापलेलं असतं, ‘योंग’ (永). थोडक्यात सांगायचं तर कापड उत्तम, कुंचला कामचलाऊ, आणि माहितीपत्रकावर विसंबून राहिलात तर हाताला चुकीचं वळण लागेल.

आधी कापड. ते सुकं असताना राखाडी दिसतं, ओलं झालं की काळं. वरचा फिका थर सच्छिद्र असतो. त्यात पाणी भरलं की तो पारदर्शक होतो आणि खालचा काळा रंग दिसतो. पाणी उडून गेलं की अक्षर गायब. कोरड्या हवेत हे काही मिनिटांत होतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात मात्र पंखा लावूनही ताटकळावं लागतं, तेव्हा मोठं कापड घेऊन चौकटी आलटून पालटून वापराव्यात. चुकूनही शाई लावू नका, त्या थरात बसलेला डाग निघत नाही. घडी घातली तर घडीवर थर तडकतो आणि तिथे कायमची रेघ दिसते, म्हणून गुंडाळीच करायची.

अक्षर ‘योंग’ का, याला कारण आहे. अर्थ ‘चिरकाल’. मूळ चित्र लांब वाहत जाणाऱ्या, फाटे फुटलेल्या प्रवाहाचं, आणि कोशात ते आजही पाण्याच्याच गटात सापडतं. डावीकडे पाण्याचे तीन थेंब जोडले की त्याच उच्चाराचं ‘पोहणे’ तयार होतं. बोलताना हे अक्षर सहसा एकटं येत नाही. ‘योंगयुआन’ म्हणजे कायम, ‘योंगच्यू’ म्हणजे चिरस्थायी. दोन्ही शब्दांत दोन्ही अक्षरं तिसऱ्या सुरातली (सूर म्हणजे चिनी उच्चारातला आवाजाचा ठरलेला चढउतार) असल्याने बोलताना पहिलं दुसऱ्या सुरात, म्हणजे चढत्या आवाजात जातं. मिंग सम्राट योंगल याच्या राजवटीच्या नावात हेच अक्षर आहे. इ.स. ३५३ मधल्या, सुलेखनकार वांग शीजर याच्या नावावर असलेल्या ‘लानतिंग’ काव्यसंग्रहाच्या प्रसिद्ध प्रस्तावनेचं पहिलं अक्षरही हेच.

आता माहितीपत्रक. ‘योंगचे आठ फटकारे’ असं शीर्षक आणि खाली सुटे आठ बाण. ठिपका, आडवी रेघ, उभी रेघ, आकडा, वर चढणारी रेघ, डावीकडे उतरणारी लांब रेघ, तशीच आखूड रेघ आणि उजवीकडे उतरणारी जाड रेघ, असे आठ प्रकार या अक्षरात आहेत हे खरंच. पण लिहिताना कुंचला फक्त पाच वेळा टेकतो. पत्रक पाहून नवशिके आठ वेळा उचलतात आणि सांधे तुटलेले दिसतात.

पहिला ठिपका, मध्यरेषेवर, खालच्या रेघेपासून सुटा. दुसऱ्यात तीन प्रकार सलग: छोटी आडवी, थांबून दाब, सरळ खाली आणि शेवटी डावीकडे आकडा. इथली नेहमीची चूक म्हणजे आडवी रेघ मध्यावर सुरू करणं. मग उभी रेघ उजवीकडे सरकते आणि उजवीकडच्या चौथ्या-पाचव्या फटकाऱ्यांना जागा राहत नाही. आडवी डावीकडून सुरू करायची, म्हणजे वळण मध्यरेषेवर पडतं. तिसरा डावीकडून किंचित चढतो आणि न उचलता डावीकडे खाली घसरतो. चौथा उजवीकडून आखूड तिरका आत येतो. पाचवा तिथूनच निघतो, हळूहळू दाब वाढवत उजवीकडे उतरतो आणि पायापाशी थांबून कुंचला आडवा बाहेर काढत उचलायचा. हा पाय न जमल्यास अक्षर उजवीकडे लोंबकळतं.

कापडावरच्या चौकटीत आडव्या-उभ्या रेघांबरोबर तिरप्याही आहेत, ही जमेची बाजू. तिसरा आणि पाचवा फटकारा कुठे उतरायचा ते कर्णांवरून कळतं. नुसत्या अधिकचिन्हाच्या चौकटीत ते अंदाजाने करावं लागतं.

आठ प्रकार आले की सगळं आलं, हा पत्रकाचा दावा मात्र खोटा. ‘मी’ या अर्थाच्या ‘वो’ मधला लांब तिरका आकडा, ‘सुद्धा’ या अर्थाच्या ‘ये’ मधला खाली वळून वर उठणारा आकडा ‘योंग’मध्ये नाहीतच.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांनाही हे कापड चालेल; तिथे याच अक्षराचे उच्चार ‘एइ’ आणि ‘नागाइ’. त्यांनी ‘बर्फ’ (कोओरी) या कांजीशी, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षराशी, गल्लत टाळावी. तीही पाच फटकाऱ्यांची, पण तिचा ठिपका डोक्यावर नसून डाव्या खांद्याशी असतो.

नायलॉनचा कुंचला पाणी धरत नाही. पहिला फटकारा थबथबीत, पाचवा कोरडा. शेळी आणि मुंगसासारख्या वीझल या प्राण्याच्या केसांचा मिश्र कुंचला वेगळा घ्या. तो पूर्ण भिजवून बशीच्या कडेला दोनदा पुसा, टोक जुळलं पाहिजे.

कागदावर जाताना एक अडचण येतेच. ‘शुआन’ हा चिनी सुलेखनाचा कागद कच्चा, म्हणजे सरस न लावलेला, असला की शाई ओढून घेतो, आणि कापडावर सवय झालेल्या संथ गतीने लिहिलं की प्रत्येक थांब्यावर डाग फुटतो. म्हणून सुरुवात तुरटी-सरस लावलेल्या कागदावर करा.

ज्यांना नुसती अक्षरं ओळखायची आहेत त्यांना यातलं काहीच लागत नाही. बाकीच्यांनी संच न घेता तिरप्या चौकटींचं सुटं कापड मागवावं. छापील ‘योंग’ नसलेलं मिळालं तर आणखी चांगलं, कारण छापलेलं अक्षर समोर असलं की डोळे त्याच्या कडा भरण्यात गुंततात आणि दाबाकडे लक्षच राहत नाही.