ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: सोलापुरात नऊ महिने वापरल्यानंतर

ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या सॉकेटमध्ये लावायचं छोटं यंत्र. ते इंजिनच्या कॉम्प्युटरमधले (ईसीयू) आकडे आणि बिघाडाचे कोड फोनवर दाखवतं.

गाडी: २०१६ ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, स्कॅनर घेतला तेव्हा ८८ हजार किमी झालेली. वापर: जानेवारी ते सप्टेंबर, साधारण ११ हजार किमी. त्यात शहरातली गर्दी, टेंभुर्णीपर्यंतचा हायवे आणि दर महिन्याला तुळजापूरचा घाट. किंमत २,४०० रुपये.

आधी सहाशे रुपयांचा एक घेतला होता. त्यावर 'व्ही २.१' छापलेलं होतं. कोड वाचायचा, पण लाइव्ह डेटात अर्धे आकडे यायचेच नाहीत आणि मधेच कनेक्शन तुटायचं. स्वस्त नकली चिपमध्ये मूळ कमांडपैकी बऱ्याच गाळलेल्या असतात, म्हणून तो वाचलेला पैसा वायाच जातो. अँड्रॉइड फोन असेल तर साधा ब्लूटूथ चालतो. आयफोनला मात्र ब्लूटूथ एलई किंवा वायफायवालाच लागतो, दुकानदाराला हे आधीच विचारा. ॲपमध्ये 'टॉर्क' आणि 'कार स्कॅनर' दोन्ही वापरली. 'कार स्कॅनर'मध्ये रेकॉर्डिंग आणि ग्राफ जास्त सोपे वाटले. एका वेळी चार-पाचच आकडे लावा. दहा लावले की प्रत्येक आकडा उशिरा बदलतो आणि नेमका झटका निसटतो.

सॉकेट स्टीअरिंगखाली, १६ पिनांचं. स्कॅनर घेताना वाटतं की चेक लाइट लागली की कोड वाचायचा आणि पार्ट बदलायचा. नऊ महिन्यांनंतर मत उलटं झालंय. कोड हा सगळ्यात कमी उपयोगाचा भाग आहे. खरी किंमत वसूल होते ती गाडी गॅरेजला देण्याआधी आणि परत घेताना घेतलेल्या आकड्यांत.

सगळ्यात जास्त उपयोग तापमानाचा. आजकालच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत काटाच नसतो, निळा दिवा आणि लाल दिवा एवढंच. लाल दिवा लागेपर्यंत इंजिन बरंच पुढे गेलेलं असतं. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना ॲपवरचा आकडाच खरा आधार. या गाडीचे नेहमीचे आकडे असे: हायवेला ८० च्या वेगाने ८५ ते ८९ अंश, एसी बंद ठेवून सिग्नलला उभी असताना ९७-९८ ला पंखा सुरू आणि ९२-९३ ला बंद. मे महिन्यात दुपारी, चार माणसं आणि एसी चालू, तुळजापूर घाटात सर्वात जास्त १०१. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील. म्हणून गाडी ठणठणीत असतानाच ते लिहून ठेवायचे, बिघडल्यावर तुलनेला काही उरत नाही.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व. आपल्याकडे गाडी गरम होते म्हणून नेली की बऱ्याच गॅरेजात एकच उपाय सांगतात: "साहेब, वॉल्व काढून टाकतो, परत गरम व्हायचं नावच घेणार नाही." जानेवारीत ही गाडी सर्व्हिसिंगहून आली आणि तिचा वॉल्व न विचारता काढलेला होता. बिलात उल्लेख नाही, जुना पार्ट परत नाही. सकाळी हायवेला ८० च्या वेगाने स्कॅनरवर आकडा ६१ ते ६४. गाडी थांबवली की ८० पर्यंत चढायचा, पुन्हा चालवली की खाली. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडणारा असेल तर चालत्या गाडीचं तापमान त्याच्या इतकं खाली जाऊच शकत नाही. म्हणजे वॉल्व उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही. हाउसिंगचे बोल्ट काढल्यावर आत मोकळी जागा दिसली.

यात नुकसान कसं होतं ते बघा. इंजिन अजून थंड आहे असं ईसीयूला वाटतं, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. १७ चं ॲव्हरेज साडेतेरावर आलं. जादा पेट्रोल पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, वाफ बाहेर न पडता आतच राहते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासचा रस्ता बंद करत असतो. तो काढला की पाणी रेडिएटर सोडून बायपासनेच फिरतं, म्हणजे भर उन्हात आणि गर्दीत गाडी उलट जास्त गरम होते. पार्ट काही शेकड्यांत येतो, सोबत नवीन ओ-रिंग घ्यायची. बसवताना थर्मोस्टॅटवरचं छोटं छिद्र, म्हणजे हवा निघायचं जिगल, वरच्या बाजूला ठेवायचं. खाली गेलं तर हवा अडकते आणि हीटर थंड, इंजिन गरम असा घोळ होतो.

मुळात गाडी गरम का होते हे शोधायलाही आकड्यांचीच मदत होते. गर्दीत, समजा सोलापुरातल्या सात रस्ता चौकात, आकडा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला उतरतो, तर दोष पंख्यात, रिलेत किंवा रेडिएटरच्या जाळीत अडकलेल्या कचऱ्यात. उलट उभी असताना ठीक आणि हायवेला किंवा घाटात चढत जातो, तर पाणी पुरेसं फिरत नाही: रेडिएटर आतून चोंदला किंवा वॉटर पंप कमजोर. सोलापुरात दुसरा प्रकार फार, कारण बोअरचं जड पाणी थेट रेडिएटरमध्ये ओतायची सवय. त्याचा पांढरा थर नळ्यांत बसतो आणि मग कितीही फ्लश करा, पूर्ण निघत नाही. कूलंट तयार मिळतो तो घ्या, नाहीतर कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. छोट्या गाडीत चार-पाच लिटरच लागतं, त्यात काटकसर नको. रेडिएटरचं झाकणही तपासा. त्यावर १.१ सारखा आकडा असतो, तो दाबाचा. स्प्रिंग सैल झाली की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतो. झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडायचं.

इथेच या यंत्राची मोठी मर्यादा सांगतो. कूलंट इतका कमी झाला की सेन्सरचं टोक उघडं पडलं, तर सेन्सर वाफेचं किंवा हवेचं तापमान सांगतो. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनचा भाग, भाजत असताना स्क्रीनवर ९० दिसू शकतं. आकडा बघता म्हणून बाटलीतली पातळी बघायचं सोडू नका.

दुसरा मोठा उपयोग गॅरेजने खरंच काम केलंय का, हे कळण्याचा. ॲपमध्ये 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' असा एक आकडा असतो, आणि 'मॉनिटर' म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या की नाहीत तेही दिसतं. कोड पुसला की अंतर शून्य होतं आणि बहुतेक चाचण्या 'अपूर्ण' होतात. ऑगस्टमध्ये पी०१७१ कोडसाठी गाडी दिली होती. कोडचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. बिलात नवीन ऑक्सिजन सेन्सर. परत घेताना चेक लाइट बंद, अंतर २ किमी, चाचण्या अपूर्ण, आणि सेन्सरच्या कनेक्टरवर जुनी धूळ जशीच्या तशी. बहुतेक कोडना लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष सापडला तरच दिवा लागतो, म्हणून अशी गाडी दोन दिवस छान वाटते. गॅरेजमधून निघताना दिवा बंद असणं हा कामाचा पुरावा धरू नका. थंड इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटं उभी, मग मोहोळपर्यंत स्थिर ७०-८० ने जाऊन यायचं, मधे दोन-तीनदा पाय काढून वेग आपोआप उतरू द्यायचा. एवढ्यात बऱ्याच चाचण्या पूर्ण होतात. त्यानंतर कोड नसेल तरच उरलेले पैसे द्यायचे, हे आधी बोलून घ्या.

त्या कोडचं खरं कारण फ्युएल ट्रिममध्ये होतं. ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते हा आकडा सांगतो. उणे-अधिक १० च्या आत असेल तर चिंता नको. इथे उभ्या गाडीत +१८ आणि २,५०० आरपीएमला +४. उभ्या गाडीत जास्त आणि रेस केल्यावर कमी, म्हणजे थ्रॉटलनंतर, मॅनिफोल्डच्या बाजूला, कुठून तरी हवा शिरते. याच्या उलट, जोर दिल्यावर ट्रिम वाढत गेला असता तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर बघायचा. पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनमधली ऑइलची वाफ परत आत ओढणारा, रबरी पाइप कापडात धरून हळूच दाबला तर ट्रिम +१८ वरून +५ वर आला. पाइपाच्या खालच्या बाजूला, हात फिरवला तरच कळेल अशी भेग होती. उन्हाने आणि ऑइलच्या वाफेने रबर असंच तडकतं. पाइप दीडशे रुपयांचा, बिल लागलं होतं चार हजारांवर.

मिसिंगसाठी, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळण्यासाठी, पद्धत सोपी आहे. पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. दुसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) तिसऱ्यावर टाका, कोड पुसा, चालवा. पी०३०३ आला तर कॉइल गेली. पी०३०२ च राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन. एकदम चारही कॉइल बदला असं सांगणाऱ्याकडून गाडी परत आणा. चेक लाइट लुकलुकत असेल तर मात्र जोरात चालवू नका, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

बॅटरी हा लोकांना न कळणारा तोटा. सॉकेटच्या पिन १६ ला गाडी बंद असतानाही करंट असतो. ४० मिलीअँपियर धरले तर दहा दिवसांत जवळपास १० अँपियर-तास जातात, आणि छोट्या गाडीची बॅटरीच ३५ ची. गाडी रोज चालत नसेल तर काढून ठेवा. उन्हात डॅशबोर्डवर ठेवला तर केसही वाकते.

ऑइलचं प्रेशर, एबीएस आणि एअरबॅगचे कोड या साध्या स्कॅनरला सहसा दिसत नाहीत. आणि हेड उतरवायची वेळ आली तर तो काहीच वाचवू शकत नाही, तिथे मिस्त्रीचा हातच हवा. गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) उडालीय असं सांगितलं तर आधी थंड इंजिनवर झाकण उघडून सुरू करायला लावा, सतत बुडबुडे येतात का बघा. कॉम्प्रेशन घेताना चारही प्लग बाहेर, पंपाचा फ्यूज काढलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि चारही आकडे कागदावर. सिलिंडरांमधला फरक १ बारच्या वर नको. हेड फेसिंगला, म्हणजे तळ घासून सपाट करायला, देण्याआधी सरळ पट्टी आणि फीलर गेज तुमच्यासमोर लावायला सांगा. ०.०५ मिमीच्या पलीकडे वाक असेल तर बहुतेक इंजिनांत फेसिंग लागतंच. ज्या इंजिनात हेड बोल्ट आधी टॉर्क आणि मग अंशांनी फिरवून आवळतात, तिथे जुने बोल्ट परत वापरू देऊ नका. ते एकदा ताणलेले असतात, पुन्हा आवळले तरी पुरेशी पकड येईलच असं नाही आणि नवीन गॅस्केट परत उडू शकते.

शहरात कानाने मिसिंग ओळखणारे, हाताने बेअरिंगचा खेळ सांगणारे कारागीर आजही आहेत. त्यांना स्क्रीनशॉट दाखवला तर ते चिडत नाहीत, उलट पुढचा प्रश्न विचारतात: "थंडीला का गरमीला? एसी चालू होता का?" चांगलं गॅरेज ओळखायची याहून सोपी खूण नऊ महिन्यांत दुसरी सापडली नाही.

गाडी देताना आता जॉब कार्डवर पाच गोष्टी लिहून घेतो: किलोमीटर, कोड पुसल्यापासूनचं अंतर, उभ्या गाडीतला आणि २,५०० आरपीएमचा ट्रिम, पंखा लागतो तो आकडा, आणि 'जुना पार्ट परत द्यावा'. खाली मिस्त्रीची सही, आणि त्या कागदाचा फोटो गाडी सोडण्याआधी.