छोट्या हत्तीवरचं उघडझाप छप्पर: कुठलं साहित्य घ्यावं, कुठलं नाही

सात फुटांचा हौदा, त्याच्या फूटभर उंच कडांवर अडीच फुटी भिंती आणि केबिनच्या बाजूला बिजागऱ्या लावून मागून उचलायचं छप्पर. छप्पर मागे तीन फूट उचललं की त्या टोकाला सहा फुटांचा माणूस सरळ उभा राहतो. भटकंतीत मुक्काम करायला असा घरगुती, हलका डबा बांधायला लागणारं बहुतेक साहित्य जळगाव-धुळ्यात मिळतं. पण त्यातलं निम्मं आपल्या उन्हात टिकत नाही. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, त्यामुळे इथे वजनाइतकाच उन्हाचा विचार करूनच प्रत्येक वस्तू निवडावी लागते.

छपरापासून सुरुवात करू, कारण वजनाचा सगळा खेळ तिथेच आहे. १२ मिमी प्लायवूड स्वस्त आणि ओळखीचं. पण आठ बाय चारचा एक तक्ता २४ किलोच्या आसपास भरतो. चौकट आणि रंग धरून पूर्ण छप्पर ४० किलोच्या वर जातं, आणि ते रोज उचलायचं असतं. त्याऐवजी ५० मिमी जाडीचा एक्सपीएस बोर्ड घ्यावा. इमारतीच्या गच्चीवर ऊन अडवायला टाकतात तोच हा निळा किंवा गुलाबी बोर्ड. आठ बाय चारचा तुकडा जेमतेम पाच किलोचा. वरच्या बाजूला २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम) विणलेल्या काचकापडाचे दोन थर आणि आतून एक थर दिला, तर कडेची पट्टी, रंग आणि बिजागऱ्यांसकट छप्पर २० किलोत बसतं. पैसे इथे खर्च करावेत, हे आमचं ठाम मत आहे.

पण एक चूक सगळं मातीत घालते. टाक्या दुरुस्त करणारे फायबरवाले काचकापड चिकटवायला जे रेझिन वापरतात ते बहुधा पॉलिस्टर असतं. त्यातल्या स्टायरीनमध्ये एक्सपीएस विरघळतो. बोर्डाला खड्डे पडतात आणि कापड कशालाच चिकटत नाही. एक्सपीएसवर फक्त इपॉक्सी रेझिनच. इपॉक्सीसोबत चटईसारखा मोकळ्या धाग्यांचा मॅटही घेऊ नये. तो मॅट बांधून ठेवणारा गोंद स्टायरीनमध्ये विरघळण्यासाठीच असतो, इपॉक्सीत मॅट कडकच राहतो आणि कोपऱ्यावर वळत नाही. कारागीर पॉलिस्टरवरच अडून बसला तर बोर्ड बदलावा आणि कडक पीयू (पॉलियुरेथेन) फोम घ्यावा, त्याला स्टायरीनचा त्रास नाही.

इपॉक्सीचं काम उन्हाळ्यात पहाटे करावं. एकावेळी पाव किलोपेक्षा जास्त कालवू नये आणि कालवलेलं लगेच पसरट ताटात ओतावं. खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर सोडतं आणि हातातच दगड होतं. बोर्डाचा गुळगुळीत पापुद्रा आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढायचा. तो राहिला की वर्षभरात कापड फुग्यासारखं सुटतं. आणि रंग पांढराच. एक्सपीएस ७५ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, आणि आपल्या दुपारी गडद रंगाचा पत्रा त्या तापमानाच्या जवळ सहज पोचतो. काळं किंवा ऑलिव्ह छप्पर फोटोत छान दिसतं, पण खान्देशात ते फसतं.

भिंतींसाठी मात्र स्थानिक पीव्हीसी फोम शीट उत्तम. पाण्याने फुगत नाही, वाळवी लागत नाही, साध्या करवतीने कापता येतं आणि पाइपाचं सॉल्व्हंट सिमेंट त्याला पक्कं धरतं. ८ मिमी शीट पुरे. सगळ्या भिंतींचं मिळून २४ किलोच्या आसपास भरतं, १२ मिमी घेतलं तर ३६. याचा दोष म्हणजे उन्हात वाढणं. आठ फुटांचं शीट ४० अंशांच्या फरकात पाच-सहा मिमी लांब होतं. भोकं घट्ट पाडली की दुपारी भिंतीला पोट सुटतं आणि रात्री रिव्हेट ओढले जातात. भोकं लांबट ठेवावीत, वॉशर मोठे घ्यावेत आणि दोन्ही टोकांना तीन-तीन मिमी फट सोडून ती पीयू सीलंटने भरावी. सिलिकॉनवर रंग धरत नाही, म्हणून ते नको.

चौकटीला एक इंची, दीड मिमी जाडीचा अ‍ॅल्युमिनियम चौकोनी पाइप घ्यावा. सुमारे २२ मीटर लागतो, वजन साडेआठ किलो. तीच चौकट २ मिमी लोखंडी पाइपात ३० किलोच्या वर जाते. खिडकीवाल्याकडचं पातळ सेक्शन स्वस्त पडतं, पण खडबडीत रस्त्यावर रिव्हेटच्या भोकापासून तडकतं. प्रत्येक कोपऱ्याला आतबाहेर तिकोनी पट्टी आणि ४.८ मिमीचे रिव्हेट द्यावेत. लोखंडी बोल्ट थेट अ‍ॅल्युमिनियमला लावू नये. पावसाळ्यात त्या जागी पांढरी भुकटी पडते आणि भोक मोठं होतं. स्टेनलेसचा बोल्ट आणि मध्ये नायलॉनचा वॉशर लावावा.

छप्पर वर ढकलणाऱ्या गॅस स्प्रिंगबाबत दुकानदार ‘जास्त ताकदीचा घ्या’ म्हणतो. ऐकू नये. सौर पॅनल धरून छप्पर ३० किलोचं आणि त्याचा मध्य बिजागरीपासून ११५ सेंटिमीटरवर असेल, आणि स्प्रिंगच्या जोराची रेषा बिजागरीपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर दोन्ही मिळून ५६० न्यूटन लागतात. म्हणजे ३०० न्यूटनचे दोन पुरे. ५०० चे लावले तर बंद करताना छपरावर लोंबकळावं लागतं आणि स्प्रिंगच्या जागी छपराचं काचकापड फाटतं. बंद असताना स्प्रिंग जवळजवळ आडवे झोपलेले असतात, म्हणून पहिलं अर्धा फूट हाताने उचलावंच लागतं. तो दोष नव्हे. तापमान २० अंशांनी चढलं की दाब सुमारे सात टक्के वाढतो, त्यामुळे मे महिन्यात चालणारा नेमका स्प्रिंग तोरणमाळच्या जानेवारीतल्या पहाटे ढिला वाटतो. ताकद निवडताना त्यासाठी थोडी सवड ठेवावी. नळी वर, दांडा खाली अशी बसवावी, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. आणि स्प्रिंग जिथे धरतो तिथे काचकापड घालायच्या आधीच सहा इंची चौकोनी प्लायवूडचा ठोकळा बोर्डात बसवून ठेवावा. नुसत्या फोमात स्क्रू क्षणभर धरतो.

छप्पर आणि भिंतींमधलं कापड म्हणजे ताडपत्रीचा प्रश्न. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात छेदतात, त्यामुळे ट्रकची ताडपत्री शिवणारे हात या भागात सापडतात. शेतातली निळी प्लास्टिक ताडपत्री नको. उन्हात वर्षा-दोन वर्षांत तिच्या घडीवर चिरा पडतात. पीव्हीसी कोटेड कापड पाणी शंभर टक्के अडवतं, पण श्वासाची वाफही अडवतं आणि सकाळी गादी ओली होते. वॉटरप्रूफ केलेला सुती कॅनव्हास घ्यावा, पाच चौरस मीटर पुरतो. शिवण सुती धाग्याने घालावी, कारण भिजल्यावर धागा फुगतो आणि सुईची भोकं बुजतात. कापडाच्या मध्यावर आतून इलॅस्टिक दोरी ओवावी, नाहीतर बंद करताना ते बाहेर फुगून छपराखाली चिमटतं. बंद करताना मागचं दार उघडं ठेवावं, आतली हवा बाहेर जायला वाट हवी. भिजलेला कॅनव्हास घडी करून ठेवला की बुरशी धरते, घरी आल्यावर छप्पर उघडून वाळवावं. काड्यांवर भरीत भाजायचं ते या कापडापासून लांब.

धूळ मागून येते. चालत्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि काळ्या मातीचा भुगा दाराच्या फटीतून आत ओढला जातो. दाराला पोकळ ईपीडीएम रबर चारही बाजूंनी लावावं आणि पुढच्या बाजूला जाळी-फिल्टरची एक छोटी खिडकी चालताना उघडी ठेवावी. छपराला चारही कोपऱ्यांवर टॉगल कड्या हव्यात. बिजागऱ्या पुढे असल्याने वाऱ्याला पुढची कड उचलता येत नाही. मागे ठेवल्या तर ८० च्या वेगाला दर चौरस मीटरमागे ३० किलोच्या आसपास जोर पुढची कड उचलू पाहतो.

जुनी गाडी घेतली असेल तर कापण्याआधी हौद्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. रावेर-यावलकडे केळी वाहिलेल्या गाडीचा हौदा क्वचितच काटकोनात असतो. डबा वेल्डिंग न करता खाली रबर टाकून चार टर्नबकलनी (फिरवून ताणायच्या आट्यांच्या कड्यांनी) आवळावा. गाडीत कायमचा बदल करायचा तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची नोंद लागते. चालत्या गाडीत मागे कोणीही बसू नये. पहिल्या ५० किलोमीटरनंतर टर्नबकल पुन्हा आवळावेत, रबर दबून ते हमखास सैल झालेले असतात.